पडत्या बाजारात भंगार विकायचं कुठे? ठाणे-नवी मुंबईतल्या चार वाटांचं परीक्षण

तांब्याचा भाव लंडनच्या एक्स्चेंजवर ठरतो, पण तो उतरला की झळ वागळे इस्टेट, रबाळे, तुर्भे इथल्या काट्यावर बसते. शिवाय दुकानातला भाव बाजारापेक्षा जास्त उतरतो. ही निव्वळ लबाडी नसते. आज घेतलेला माल भट्टीपर्यंत पोचायला काही दिवस जातात आणि तेवढ्या दिवसांत भाव आणखी पडला तर तोटा घेणाऱ्याचा. जुलै २००८ मध्ये टनाला ८,९०० डॉलरच्या आसपास असलेलं तांबं त्याच डिसेंबरात ३,००० च्या खाली आलं होतं. साठा धरून बसणारा अशा घसरणीत बुडतो, म्हणून पडत्या बाजारात प्रत्येक जण आपलं मार्जिन आधीच वाढवून ठेवतो. विकणाऱ्याने एवढंच पाहायचं की कोणाकडे माल किती दिवस पडून राहतो. जो रोज पुढे पाठवतो, त्याला भीती कमी, म्हणून त्याचा भावही बरा.

आता हिशेब. लंडनचा भाव ९,००० डॉलर आणि डॉलर ८५ रुपये धरला, तर तांबं किलोला ७६५ रुपये होतं. ते पाच टक्के उतरलं तर समजा १२ किलोवर सुमारे ४६० रुपये गेले. पण काट्यावर एक किलो कमी भरलं, तर उतरलेल्या भावानेही सव्वासातशे गेले. चकचकीत तार ‘जळकी’, म्हणजे खालच्या प्रतीची, म्हणून लिहिली गेली, तर नुकसान त्याहूनही मोठं. बाजार आपल्या हातात नाही. वजन आणि प्रत आहे. खालच्या चारही वाटा याच दोन गोष्टींवर पारखल्या आहेत.

दारावर येणारा हातगाडीवाला रद्दी, पत्र्याचे डबे, मोडकी खुर्ची, पाच-दहा किलो लोखंड यांसाठी ठीक. तेवढ्यासाठी रिक्षा करून दुकानात जाणं परवडत नाही. त्याच्या स्प्रिंगच्या काट्याला पाण्याच्या लिटरच्या पाच बंद बाटल्या लावून पाहाव्यात, वजन पाच किलोच्या किंचित वर यायला हवं. तांबं-पितळ मात्र त्याला दाखवूसुद्धा नये, कारण तो सगळ्याचा एकच भाव करतो. पाचपैकी दोन.

घरगुती माल आणि लहान वर्कशॉप यांच्यासाठी सगळ्यांत चांगली वाट म्हणजे नाक्यावरचं भंगाराचं दुकान. यांच्याकडे जागाच नसते, त्यामुळे माल एक-दोन दिवसांत गोदामाकडे जातो आणि पडत्या बाजारातही भाव फार ताणला जात नाही. इलेक्ट्रॉनिक काट्यावर वैधमापन खात्याचा चालू वर्षाचा शिक्का हवा, ही पडताळणी दर १२ महिन्यांनी करावी लागते. शिक्का नसेल तर घरी नीट मोजलेली एखादी वस्तू आधी ठेवून बघावी. भाव फोनवर विचारावा, पण तो त्या दिवसापुरताच असतो हे धरून चालावं. ‘बाजार पडलाय’ असं कोणी मोघम म्हणालं, तर कुठल्या धातूचा हे विचारायचंच. तांबं उतरलं म्हणून लोखंड उतरतं असं नाही. लोखंडाचा भाव जालना, तळोजा इथल्या भट्ट्यांची मागणी हलवते. पावसाळ्यात बांधकामं मंदावली की तो नरम होतो, आणि त्याचा लंडनच्या तांब्याशी संबंध नसतो.

दुकानात जाण्याआधी माल वेगळा करणं हेच खरं काम. वायरचं पाहा. दीड चौरस मिलिमीटरच्या ९० मीटर बंडलात तांबं निघतं सुमारे १.२ किलो, अडीचच्या बंडलात सुमारे २ किलो, चारच्या बंडलात ३.२ किलो. एवढं माहीत असलं की ‘वायरीत निम्मा प्लास्टिकच असतो’ हे ऐकून घ्यावं लागत नाही. जाड वायर सोलून द्यावी, केसासारखी बारीक तशीच. जाळू कधीच नये. पीव्हीसी जळताना विषारी वायू निघतात, ते बेकायदा आहे, आणि तांबं काळं पडून मिलबेरीचा (चकचकीत, उघड्या तारेच्या सर्वांत वरच्या प्रतीचा) माल खालच्या प्रतीत जातो. म्हणजे जाळणाऱ्याचं पैशानेही नुकसानच.

नळांना कानशीने एक ओरखडा काढावा. मुलाम्याखाली पिवळं दिसलं तर पितळ, पांढरट-राखाडी दिसलं तर जस्ताचं ओतीव. आतला लोखंडी स्क्रू आणि रबर काढून टाकावं, नाहीतर त्यांच्या नावाखाली सगळ्या वजनावर ‘घट’ कापली जाते. मोटरच्या वाइंडिंगचा रंग बघून भुलू नये. ॲल्युमिनियमच्या तारेवरही तांबूस इनॅमल असतं, चाकूने खरवडल्यावर पांढरी निघाली की कळतं. एसीची कॉइल तांब्याची नळी आणि ॲल्युमिनियमच्या पात्यांची असते, तिचा भाव वेगळा. कडेचे लोखंडी पत्रे आधी कापावेत. गॅस भरलेला एसी स्वतः उघडू नये. एवढी तयारी करून गेलात तर नाक्यावरच्या दुकानाला पाचपैकी चार.

कळंबोलीचा लोखंड बाजार, तळोजा, शीळफाट्याकडची गोदामं ही पाचशे किलोंच्या पुढच्या मालाची जागा. सोसायटीने जुने जीआय पाइप, लिफ्ट, पाण्याची टाकी काढली तर इथेच यावं, मात्र उक्ता, म्हणजे सगळ्या मालाचा मिळून एकच, भाव कधीही घेऊ नये. पडत्या बाजारात उक्त्याचा आग्रह जास्त होतो, कारण त्यात तांबं लोखंडाच्या भावात निघून जातं. लिफ्टची मोटर, पॅनेलमधल्या तांब्याच्या पट्ट्या, केबल आधी बाजूला काढून साध्या काट्यावर मोजाव्यात. वे-ब्रिजवरचा (गाडीसकट तोलायच्या मोठ्या काट्यावरचा) सर्वांत लहान आकडा सहसा ५ किंवा १० किलोचा असतो, तिथे तांबं मोजणं म्हणजे नुकसान. टेम्पो रिकामा आणि भरलेला एकाच वे-ब्रिजवर तोलावा. दोन्ही वेळा ड्रायव्हर बसलेला किंवा दोन्ही वेळा उतरलेला हवा, स्टेपनी आणि पाण्याचा ड्रम दोन्ही वेळा तसाच हवा.

स्टीलच्या बाबतीत इथेच सगळ्यांत जास्त वाद होतो. स्टेनलेस स्टीलच्या ३०४ या प्रतीत साधारण आठ टक्के निकेल असतं, २०२ या प्रतीत बरंच कमी, आणि चुंबक दोघांनाही नीट चिकटत नाही. त्यामुळे चुंबक दाखवून ‘हे २०२ आहे’ म्हणणाऱ्याचं ऐकू नये. मोठ्या गोदामात कुठला धातू किती टक्के आहे ते दाखवणारी तपासणीची गन असते, तिचा आकडा बघून भाव ठरवावा. हॉटेलच्या किचनचा माल असेल तर एवढ्या एका मागणीने मोठा फरक पडतो. लोखंडाला पाचपैकी चार, तांब्या-पितळेला अडीच, कारण साठा मोठा असल्याने पडत्या बाजारात हेच सर्वांत जास्त कापतात.

ॲपवरून येणारी सेवा वेळ वाचवते, दरपत्रक आधी दिसतं, पैसे यूपीआयने येतात. अडचण दारात होते. दरपत्रकात ‘तांबं’ एकच ओळ असेल तर प्रत ठरवणारा माणूस घेणाऱ्याचा असतो. मालाचा फोटो पाठवून प्रत लेखी ठरवून घेतली तर पाचपैकी तीन.

थांबायचं की विकायचं? लोखंड विकून टाकावं. इथल्या दमट हवेत ते गंजतं, वजन आणि प्रत दोन्ही जाते, जागाही अडते. टर्निंगचा (लेथवर निघालेला) कीस तर अजिबात साठवू नये, तेला-पाण्याने ओला झाला की आतून तापतो. तांबं आणि पितळ ठेवता येतं, पण वजन कागदावर लिहून, कुलपात. इन्व्हर्टरची बॅटरी कधीच ठेवू नये. नवी घेताना जुनी, ॲसिड न सांडता, दुकानदारालाच परत द्यावी.

कराचं थोडक्यात. १० ऑक्टोबर २०२४ पासून नोंदणी नसलेल्याने नोंदणीकृत व्यापाऱ्याला धातूचं भंगार विकलं, तर जीएसटी भरण्याची जबाबदारी घेणाऱ्याची आहे. घरगुती विक्रेत्याच्या पावतीत ‘जीएसटी वजा’ अशी ओळ आली तर तिथेच हरकत घ्यावी. दोन्ही बाजू नोंदणीकृत असतील आणि व्यवहार अडीच लाखांच्या पुढे असेल, तर घेणारा २ टक्के टीडीएस कापतो. ती रक्कम बुडत नाही, वर्कशॉपने ती आपल्या जीएसटी खात्यात जमा झाली का ते पुढच्या महिन्यात तपासावं.