टर्बोचं प्रेशर पडतंय? स्कॅनर, साबणाचं पाणी की स्मोक टेस्ट

खंबाटकीचा चढ जी गाडी तिसऱ्या गिअरमध्ये आरामात चढायची, ती आता दुसरा मागते. आरशात काळा धूर दिसतो, मध्येच चेक इंजिनचा दिवा लागतो. गॅरेजमध्ये नेली की बऱ्याचदा पाच मिनिटांत निकाल येतो: टर्बो गेला, बदलावा लागेल. माझं म्हणणं एवढंच, की या निकालाला होकार देण्याआधी हवा नेमकी कुठे जाते ते शोधा. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात हवा कोंबतो त्याचा जादा दाब, पडण्याची कारणं पुष्कळ असतात. टर्बो हे त्यातलं सगळ्यात महागडं कारण आहे, म्हणून ते सगळ्यात शेवटी तपासायचं.

उदाहरणाला १.३ मल्टिजेट डिझेल घेतो. पुण्याजवळ रांजणगावला हे इंजिन बनायचं. स्विफ्ट, डिझायर, पुंटो, व्हिस्टा, लिनिया अशा कितीतरी गाड्यांत ते आलं, आणि त्यातल्या पुष्कळ गाड्या आजही रस्त्यावर आहेत. ७५ पीएस ताकदीच्या इंजिनात साधा, वेस्टगेटवाला (दाब जास्त झाला की उघडणारी झडप असलेला) टर्बो असतो. ९० पीएसमध्ये व्हीजीटी, म्हणजे आतली पाती हलणारा टर्बो आणि सोबत हवा थंड करणारा इंटरकूलर. हा फरक लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सुरुवात फुकटच्या तपासणीने करा. इंजिन थंड असताना बॉनेट उघडा आणि टर्बोपासून इनटेकपर्यंतचा, म्हणजे हवा इंजिनात शिरते तिथपर्यंतचा, प्रत्येक होज (रबरी नळी) हाताने दाबून, वाकवून बघा. इंजिनच्या ब्रीदर नळीतून येणारी तेलाची वाफ या नळ्यांतून जातेच, त्यामुळे आतून थोडं तेलकट असणं चालतं. बाहेरून मात्र एखाद्या क्लॅम्पपाशी ओली, काळपट रेघ असेल आणि तिच्यावर धूळ चिकटून लेप बसला असेल, तर हवा बहुतेक तिथूनच जाते. होजला चीर असते ती सहसा खालच्या बाजूला, डोळ्याला न दिसणाऱ्या जागी. बोट फिरवलं की लागते. एअर फिल्टरही याच वेळी काढून बघा. या तपासणीची मर्यादा अशी की काही चिरा प्रेशर आल्यावरच तोंड उघडतात. उभ्या गाडीत त्या मिटलेल्या असतात.

आता स्कॅनर. हजार रुपयांच्या आतबाहेर मिळणारा ब्लूटूथवाला ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा) आणि मोबाइलमधलं ॲप एवढ्यावर बरंच काम होतं. बिघाडाचा कोड बहुतेक पी०२९९ येतो. त्याचा अर्थ ‘मागितलं त्यापेक्षा बूस्ट कमी मिळालं’ एवढाच. टर्बो खराब आहे असं तो कोड म्हणत नाही, आणि नुसत्या त्या कोडवर कुणी टर्बोचं कोटेशन दिलं तर थांबा.

कोडपेक्षा चालू आकडे जास्त बोलतात. इंजिन बंद ठेवून फक्त चावी ऑन करा आणि इनटेकमधल्या हवेचा दाब मोजणाऱ्या मॅप सेन्सरचा आकडा बघा. मुंबईत साधारण १०० ते १०१ किलोपास्कल, पुण्यात ९५च्या आसपास, महाबळेश्वरला ८६च्या आसपास दिसायला हवं. म्हणजे तिथल्या हवेचा दाब. आकडा यापासून लांब असेल तर आधी सेन्सर काढून साफ करा. त्याच्यावर काजळी आणि तेलाचा थर बसतो, मग इसीयूला, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरला, खोटाच दाब कळत राहतो. आणि एक गोंधळ नेहमी होतो: मॅप हा एकूण दाब सांगतो. ॲपमध्ये २०० दिसले तर बूस्ट २ बार नसतं, हवेचा दाब वजा करून साधारण १ बार असतं.

मग मोकळ्या रस्त्यावर तिसऱ्या गिअरमध्ये १५०० आरपीएमपासून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ३५००पर्यंत जा. मोबाइल शेजारच्याच्या हातात द्या, चालवणाऱ्याने रस्ताच बघायचा. दाब सगळीकडेच कमी आणि मागे भरपूर काळा धूर असेल, तर टर्बोच्या पुढे मोठी गळती असण्याचा संशय घ्या. एअरफ्लो सेन्सरने मोजलेली हवा वाटेत निसटते, इसीयू मात्र त्या हिशेबानेच डिझेल सोडत राहतो. व्हीजीटीमध्ये कमी आरपीएमला अजिबात जोर नाही आणि ३०००च्या पुढे अचानक येतो, असं असेल तर पाती उघड्या स्थितीत अडकली आहेत किंवा ती हलवणारा व्हॅक्यूम पोचत नाही. स्कॅनरची खरी किंमत इथे आहे. दोष कुठल्या गटातला आहे हे तो सांगतो. भोक कुठे आहे हे नाही सांगत. शिवाय मागितलेलं बूस्ट आणि पातींची कमांड हे आकडे स्वस्त स्कॅनरला सहसा मिळत नाहीत, त्यासाठी गॅरेजचा कंपनीवाला स्कॅनर लागतो. २०१३च्या आधीच्या काही गाड्यांत तर स्वस्त स्कॅनर धड जोडलाच जात नाही.

गळती शोधायला दोन पद्धती आहेत, आणि यातली एकच करायची असेल तर माझं मत प्रेशर टेस्टला. टर्बोच्या तोंडाशी येणारा पाइप काढून तिथे टोपी बसवतात, टोपीतून कंप्रेसरची हवा सोडतात आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी फवारतात. पंक्चरवाला ट्यूब पाण्यात बुडवतो त्यातलाच प्रकार. बुडबुडे येतील ती जागा. ५ पीएसआयपासून सुरुवात करून १० ते १५पर्यंत न्यायचं, गाडीच्या स्वतःच्या बूस्टच्या वर नाही. रेग्युलेटरशिवाय हे करू नका: कंप्रेसरच्या टाकीत १०० पीएसआयच्या वर दाब असतो आणि सुटलेली टोपी तोंडावर बसू शकते. दाब टिकत नाही म्हणून घाबरायचंही कारण नाही. उघड्या व्हॉल्व्हमधून थोडी हवा जाणारच, ऑइल फिलरपाशी किंवा सायलेन्सरमधून बारीक फुसफुस येणं चालतं. सायलेन्सरमधून जोराचा झोत आला तर मात्र ईजीआर व्हॉल्व्ह (थोडा धूर परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकला आहे का ते बघा.

स्मोक टेस्टमध्ये मशीन तेलाचा पांढरा धूर इनटेकमध्ये सोडतं. जिथून धूर बाहेर येतो ती जागा लगेच दिसते, इंजिनच्या मागच्या अडचणीतलीसुद्धा, जिथे फवारा पोचत नाही. ग्राहकाला समोर दाखवता येतं हाही मोठा फायदा. पण बरीच मशीन १ पीएसआयच्या आसपासच चालतात. प्रेशरखाली उघडणारी चीर त्यांना सापडत नाही, आणि टर्बोवाल्या गाडीत नेमकी तीच हवी असते. व्हॅक्यूमच्या नळ्या आणि इनटेकच्या गास्केटसाठी स्मोक टेस्ट उत्तम. बूस्टच्या होजसाठी ती स्वच्छ आली तरी निर्धास्त होऊ नका.

व्हीजीटीवाल्यांनी हातपंपाची व्हॅक्यूम टेस्ट वगळू नये. पाती हलवणाऱ्या ॲक्च्युएटरच्या नळीला पंप लावा, ओढा: ॲक्च्युएटरचा दांडा न अडखळता हलला पाहिजे आणि पंपावरचा काटा जागेवर टिकला पाहिजे. काटा खाली आला तर आतला पडदा (डायफ्राम) फाटलेला. दांडा अर्ध्यात थांबला तर पातींवर काजळी. ती साफ होते, त्यासाठी अख्खा टर्बो लागेलच असं नाही. नळी फाटली तर व्हीजीटीमध्ये बूस्ट पडतं. साध्या वेस्टगेटच्या टर्बोत उलटं होतं. वेस्टगेट उघडणारा दाबच पोचत नाही आणि बूस्ट वाढतं.

सुपरचार्जरची, म्हणजे इंजिनच्या पट्ट्यावर हवा कोंबणारी गाडी असेल, उदाहरणार्थ २००२ ते २००६ची मिनी कूपर एस, तर पाइप आणि इंटरकूलरच्या रबरी बूटसाठी वरचंच लागू. व्हीजीटीचा भाग सोडा, त्याजागी पट्टा आणि बायपास व्हॉल्व्ह (जादा हवा परत फिरवणारा) बघा. बूस्ट कमी आरपीएमला ठीक आणि वरच्या आरपीएमला पडत असेल तर पट्टा घसरतो, म्हणजे टेन्शनर तपासा. सगळीकडे कमी असेल तर बायपास उघडा अडकल्याचा किंवा गळतीचा संशय. या मिनीत पाण्याचा पंप सुपरचार्जरच्याच गिअरवर चालतो. सुपरचार्जरमधलं तेल आटलं की गिअर झिजतात आणि इंजिन तापतं, त्यामुळे बूस्टच्या कामात ते तेलही बघून घ्या.

मग निवडायचं काय? स्वतः थोडं काम करत असाल तर स्कॅनर घ्या, तो पुढेही उपयोगी पडेल. गाडी थेट गॅरेजला देणार असाल तर तिथे प्रेशर टेस्टची टोपी आणि रेग्युलेटर आहे का हे आधी विचारा. ७५ पीएसवाल्यांना बहुतेक एवढं पुरेल, ९० पीएसवाल्यांनी व्हॅक्यूम पंप जोडीला मागावा. टर्बो बदलायला मी तयार होईन ते एवढं सगळं स्वच्छ आल्यावर, आणि पाइप काढून टर्बोतलं पात्यांचं चाक हाताने हलवल्यावर. आडवा किंचित खेळ असतोच, कारण शाफ्ट तेलावर तरंगतो. पुढे-मागे खेळ जाणवला किंवा पात्याने टर्बोचं कवच घासल्याच्या खुणा दिसल्या तर टर्बो खरंच गेला आहे.

दुरुस्ती काहीही झाली तरी बिल देण्याआधी त्याच रस्त्यावर, त्याच तिसऱ्या गिअरमध्ये आकडे पुन्हा नोंदवा आणि मेकॅनिकला शेजारी बसवून दाखवा.