गोल्डनआय की स्पेक्टॅकल्ड आयडर?
आधी कोणतं समुद्री बदक बघायचं यावर अडकलेल्यांसाठी. ओळखीत आयडर जिंकतो, नराच्या हिरवट डोक्यावर काळ्या कडेचे पांढरे गॉगल, मादीलाही फिकट तपकिरी असतातच. गोल्डनआयचा डोळाच पिवळा, पण लांबून तो कुठला दिसतोय, नराच्या चोचीमागचा गोल पांढरा ठिपका बघा. ठिकाणाचं म्हणाल तर आयडर अलास्का नि सायबेरियात अंडी घालतो आणि हिवाळ्यात बेरिंग समुद्रातल्या बर्फाच्या फटींत जातो, ती जागा सापडली १९९५ला, तीही सॅटेलाइट ट्रान्समीटरमुळे! गोल्डनआय युरोप, आशिया, उत्तर अमेरिका सगळीकडे, हिवाळ्यात तलावांवरसुद्धा. प्रत्यक्ष बघायचंय तर गोल्डनआयच, चित्र काढायचंय तर डोळे झाकून आयडर घ्या.