१९६७ ची फोक्सवॅगन बीटल गाडी न्यू जर्सीत वर्षभर चालवली, हिटरचं तेवढं विचारू नका

पंधराशे सीसी, इंजिन मागे, रेडिएटर नाही वगैरे सगळ्यांना पाठ आहे, ते सोडतो. मला बोलायचंय हिटरवर. इंजिन हवेवर थंड होतं त्यामुळे गरम पाणी नाहीच, सायलेन्सरजवळच्या पेट्यांत तापलेली हवा दारांखालच्या पोकळ चॅनलमधून पायाशी येते. म्हणजे यायला पाहिजे. इथे बर्फ पडला की रस्त्यावर मीठ टाकतात, आधीच्या मालकाने गाडी बिनधास्त त्यात फिरवली, चॅनल सडलंय आणि ऊब वाटेतच गळते. सिग्नलला इंजिन मंदावलं की उरलीसुरली पण गायब. बायको गोधडी घेऊन बसते आणि काही बोलत नाही, ते जास्त लागतं.

गॅरेजवाल्याने दोन्ही पेट्या बदलायचा जो आकडा सांगितला त्यात आम्ही दोघं भारतात जाऊन आलो असतो. अरे पेट्या धडधाकट आहेत, मी खाली झोपून बघितलंय, भोक चॅनलला आहे!

विकायचीच म्हणत होतो. मग एकदा हायवेला काचेवर चिखल उडाला, वॉशरला पाणी येईना, घरी येऊन मोटर शोधतोय तर मोटरच नाही, पुढच्या डिकीतल्या स्टेपनीच्या हवेवर पाणी उडतं!! स्टेपनीत हवा भरली, काम झालं, खर्च शून्य. वर स्टेपनी पार बसू नये म्हणून प्रेशर उतरलं की व्हॉल्व्ह आपोआप बंद. ज्याने हे काढलं तो आपल्यातलाच असणार. गाडी आता विकत नाही.

नादात इतिहास पण वाचून काढला. १९४९ ला बेन पॉन नावाचा डच डीलर ही न्यूयॉर्कला घेऊन आला तर त्या वर्षी अख्ख्या अमेरिकेत खपल्या दोन. महायुद्ध संपून चारच वर्षं झालेली, त्यात हिटलरच्या राज्यात आखलेली गाडी, कोण हात लावणार. हॉटेलचं बिल भागवायला त्याने एक स्पेअर पार्टसकट विकून टाकली असं सांगतात. १९५५ ला कंपनीने आमच्याच जर्सीत, एंगलवूड क्लिफ्सला ऑफिस थाटलं, आणि कंपनीचा प्रमुख नॉर्डहॉफ याचा हट्ट असा की आधी पार्ट आणि सर्व्हिस, मग विक्री. १९६८ ला वर्षाला चार लाखांच्या वर गेल्या. लोक १९५९ च्या त्या गाजलेल्या ‘थिंक स्मॉल’ जाहिरातीला श्रेय देतात, मला नाही पटत, खप आधीपासूनच चढत होता. सोळाशे-सतराशे डॉलरची गाडी आणि पार्ट हाताशी, अजून काय पाहिजे माणसाला. आजही हिचं चॅनल नवंकोरं मिळतं, मागवलंय.

फक्त ते बसवायला जुनं कापून वेल्डिंग करावं लागतं आणि बॉडीची ताकद त्यावरच असते, म्हणून ऐऱ्यागैऱ्याकडे देणार नाही. इथल्या एडिसन गावाच्या आसपास कुणी भरवशाचा वेल्डर असेल तर सांगा, रेट आधी सांगा.