एनव्हीएमई टाकून आठ महिने झाले, आयडीईपासून सगळ्यांचा स्पीड बघून झाला

गेल्या दिवाळीत स्टुडिओतल्या पीसीला १ टीबीची एनव्हीएमई (चिपांवर डेटा ठेवणारी, फिरता भाग नसलेली फास्ट ड्राइव्ह) टाकली, आता आठ महिने होत आले, मधे लग्नसराई अख्खी गेली, म्हणून आत्ता लिहितोय. पहिल्याच आठवड्यात लिहिलं असतं तर "भन्नाट फास्ट" एवढंच लिहून मोकळा झालो असतो आणि ते अर्धवट ठरलं असतं.

माझं काम लग्नाचे फोटो-व्हिडिओ. एका लग्नाचा डेटा सव्वाशे जीबी धरा, तो कार्डवरून पीसीत येतो, एडिट होतो, मग बॅकअपला जातो, त्यामुळे रात्री घरी किती वाजता पोचायचं ते या स्पीडवरच ठरतं.

आधी सगळ्यात जुनं. बाबांच्या वेळची ८० जीबीची आयडीई (म्हणजे जुन्या पद्धतीच्या जोडणीची) डिस्क कपाटात होती, ती रुंद चपटी पट्टीसारखी केबल, मागे पिनांच्या दोन रांगा आणि मास्टर-स्लेव्हचा, म्हणजे एका केबलवरच्या दोन डिस्कांत कोण कोणती ते ठरवणारा तो इवलासा जंपर, नखाने काढताना दोनदा उडाला आणि टेबलाखाली शोधावा लागला. या इंटरफेसची कागदावरची कमाल सेकंदाला १३३ एमबी. मी यूएसबी २.० च्या कन्व्हर्टरवर लावली तर २८-३० च्या वर जाईना, सगळं उतरवायला पाऊण तासाच्या वर गेला. पण जुन्या गिऱ्हाइकांचे फोटो सगळे शाबूत निघाले, बाबा शेजारी बसून एकेक बघत होते.

मग साटा, आयडीईनंतर आलेली जोडणी. साटा ३ म्हणजे सेकंदाला ६ गिगाबिट, आठ बिटांचा एक बाइट म्हणून त्याला आठने भागून लोक ७५० एमबी धरतात आणि तिथेच फसतात, कारण साटा दर ८ बिटांसाठी वायरवरून १० बिट पाठवते, म्हणजे हातात ६००, आणि खरं बघाल तर साडेपाचशेच्या आसपास थांबते. माझी ७२०० आरपीएमची हार्डडिस्क त्याच पोर्टवर १६० देते, म्हणजे तिथे पोर्ट आडवा येत नाही, आत फिरणारी तबकडी येते. त्यात हजारो बारीक फाइली असल्या की एक-दोन एमबीवर येते, तबकडी वाचणाऱ्या हेडला प्रत्येक फाइलसाठी इकडून तिकडे पळावं लागतं ना. म्हणून सांगतो, हार्डडिस्कवरून साटा एसएसडीवर (तीही चिपांचीच, पण साटा पोर्टवर चालणारी) गेलात की जो फरक जाणवतो तो सगळ्यात मोठा, घरच्या जुन्या लॅपटॉपला टाकली तर बायकोला वाटलं नवीनच आणला.

आता एनव्हीएमई. माझी पीसीआयई ३.० वर (बोर्डावरची साटापेक्षा वेगवान जोडणी) चार लेनची, म्हणजे चार पदरी, कमाल ३९०० एमबीच्या आसपास, मला रीडला ३३०० मिळतात. शिवाय साटाची एएचसीआय ही ड्राइव्हला कामं सांगायची पद्धत फिरत्या डिस्कसाठी केलेली, तिच्यात रांग एकच आणि त्या रांगेत ३२ कामं, एनव्हीएमईला अशा ६४ हजारांपर्यंत रांगा चालतात. एडिट करताना फोरके व्हिडिओची टाइमलाइन पुढे-मागे ओढताना हे लगेच कळतं, आधी अडकत अडकत चालायची ती आता बोटाबरोबर सरकते. विंडोज सुरू व्हायला मात्र साटा एसएसडीपेक्षा एखाद-दोन सेकंदच कमी लागतात, तेवढ्यासाठी पैसे घालू नका.

पहिल्या लग्नाचा डेटा टाकला तेव्हा तर कॉपीला पूर्वीसारखीच २३ मिनिटं लागली, मला वाटलं पीसच खराब आला. दोष कार्डाचा होता, यूएचएस-१ (मेमरी कार्डाच्या जोडणीचा एक प्रकार) कार्डाची कमालच १०४ एमबी, मग पुढे कितीही फास्ट ड्राइव्ह लावा! यूएचएस-२ चं कार्ड आणि त्याचाच रीडर घेतला, यूएसबी ३ च्या पोर्टला लावला, तेव्हा तेच काम नऊ मिनिटांवर आलं.

अजून दोन ठिकाणी अडकलो. एनव्हीएमई स्लॉटमधे तिरकी घालून, दाबून, तो तांदळाएवढा स्क्रू कसाबसा लावला आणि पीसी चालू केला तर बॅकअपची डिस्क गायब, पोटात गोळाच आला. दोन वर्षांची लग्नं होती हो त्यात. बोर्डाचं मॅन्युअल उघडल्यावर कळलं की त्या एम डॉट टू स्लॉटमधे काही टाकलं की दोन साटा पोर्ट बंद होतात, केबल दुसऱ्या पोर्टला लावली आणि डिस्क परत दिसली. घ्यायच्या आधी मॅन्युअल बघाच, आणि एम डॉट टू आकाराची साटा एसएसडीपण मिळते, दिसायला तशीच, स्पीड साटाचाच, तेव्हा नाव नीट वाचून घ्या.

दुसरं, बाहेरच्या एन्क्लोजरमधे (यूएसबी केबलने जोडायच्या डबीत) एक स्वस्तातली एनव्हीएमई आहे, १० गिगाबिटच्या पोर्टवर ९५० ने सुटते आणि साठ-सत्तर जीबी झाले की धापकन साडेतीनशेवर येते, कारण सुरुवातीचा वेग तिच्या कॅशचा, म्हणजे आतल्या थोड्याशा फास्ट जागेचा, ती भरली की खरा वेग दिसतो आणि बॉक्सवर फक्त पहिला आकडा छापलेला असतो, हे मला अजिबात पटलेलं नाही. एकदा तर तिला मोबाइलच्या चार्जरची टाइप-सी केबल लावली गेली, ४० एमबी! टोक तेच पण त्या केबलमधे यूएसबी २ च्याच तारा असतात. आता बरोबरच्या केबलला लाल चिकटपट्टी लावून ठेवलीये.

बॅकअपला मी अजून फिरणारी ४ टीबीचीच ठेवलीये, १६० ने जाते, रात्री लावून घरी जातो आणि सकाळी शटर उघडेपर्यंत झालेलं असतं.