"नावासकट लावतो" म्हणाले आणि "छाया : संग्रहित" छापलं

आधीच सांगून टाकतो, मी काढलेला वारीचा फोटो पेपरवाल्यांनी फेसबुकवरून उचलला वगैरे नाही. मी स्वतः, माझ्या हाताने, व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट करून, फुल साइझमध्ये, वॉटरमार्क काढून पाठवला. तेव्हा "चोरी झाली हो" म्हणून ओरडायला तोंड नव्हतं पहिले सहा महिने. आता वारी जवळ आलीये, पोरं कॅमेरे पुसायला लागलीत, आणि त्यातल्या निम्म्यांना असाच संध्याकाळी पेपरवाल्यांचा फोन येणारे, म्हणून लिहितोय.

फलटणला माझा छोटा स्टुडिओ आहे. पासपोर्ट फोटो, लग्नं, बारशी, हल्ली ते प्री-वेडिंग. अल्बमचं डिझाइन बायको बघते. माऊलींची पालखी आमच्याच रस्त्याने जाते, त्यामुळे दरवर्षी एक दिवस दुकान बंद आणि मी लोणंद-तरडगावच्या मधे चांदोबाच्या लिंबाला. वारीतलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. ज्यांनी बघितलं नाही त्यांना सांगतो, मैदान नसतं, रस्ताच असतो. दोन्ही बाजूला वारकरी ओळीत उभे, आणि मधल्या मोकळ्या पट्टीतून अश्व पळतात. एकावर स्वार असतो आणि दुसरा माऊलींचा अश्व, त्याच्यावर कुणी बसत नाही. अंकलीच्या शितोळे सरकारांचे असतात हे. सगळा खेळ काही सेकंदांचा, चुकला की वर्षभर थांबा.

त्या वर्षी मी बारा वाजल्यापासून एका पाण्याच्या टँकरवर चढून बसलो होतो. टँकरवाल्याला दोन वडापाव आणि त्याच्या पोरीचा वाढदिवस फुकट काढून द्यायचं कबूल, एवढ्यावर सौदा. पत्रा एवढा तापलेला की खाली गमछा घडी करून घातला तरी चटके. ७०-२०० ची लांबची लेन्स लावलेली, शटर १/१६००, आणि चारच्या सुमारास एकदम टाळ-मृदंगाचा आवाज चढला, कळलं आले. ११ फ्रेम मिळाल्या. सातव्यात माऊलींच्या अश्वाचे चारही पाय जमिनीवरून सुटलेत, मागे धूळ, आणि एक म्हातारी वाकलीये, टापांखालची माती कपाळाला लावायला. घोडा अजून तिच्यापुढून गेलेलाही नाही पण हात आधीच पुढे. आणि डाव्या कडेला बापाच्या खांद्यावर बसलेलं एक पोरगं, दोन्ही कानांवर हात ठेवून, आवाजाने वैतागलेलं. हे पोरगं लक्षात ठेवा, पुढे कामाला येतंय.

संध्याकाळी फेसबुकला टाकला, कोपऱ्यात स्टुडिओचं नाव बारीक अक्षरात. तासाभरात फोन. एका मोठ्या मराठी दैनिकाचे आमच्याकडचे बातमीदार, ओळखीतले, लग्नात जेवायला पण भेटणारे. "अरे भावा काय फोटो काढलायस! ओरिजनल पाठव पटकन, पान एकला लावतो, नावासकट. मानधनाचं मी बोलतो साहेबांशी. नऊला पान सुटतंय, घाई कर." आता खरं सांगायचं तर मानधन वगैरे माझ्या डोक्यातच नव्हतं, पान एकला नाव एवढंच ऐकू आलं. तशीच गाडी कडेला लावून लॅपटॉप उघडला, फेसबुकवर टाकलेल्या क्रॉपचीच वॉटरमार्क नसलेली फाइल काढली, १४ एमबीची, आणि पाठवली. फोटो म्हणून पाठवला तर व्हॉट्सॲप त्याचा चोथा करतं ना, म्हणून डॉक्युमेंट. खाली सहज म्हणून टाइप केलं, "नावासकट लावा, मानधनाचं कळवा." पलीकडून अंगठा आला.

सकाळी साडेसहाला एसटी स्टँडवरच्या पेपरवाल्याकडे. आईने आदल्या रात्रीच अर्ध्या गल्लीला सांगून ठेवलेलं, त्यामुळे पाच अंक घ्यायचे होते. फोटो होता. पान एक, सहा कॉलम. आणि खाली, "छाया : संग्रहित".

अहो काल चार वाजता काढलेला फोटो, त्याचा संग्रह कधी झाला? रात्री? मला तर पेपरवाल्यासमोर हसूच आलं आधी, राग नंतर, घरी आईला अंक देताना. तिने चष्मा लावून सगळं पान वाचलं आणि म्हणाली, "तुझं नाव आतल्या पानावर असंल."

बातमीदार म्हणाले डेस्कवरून राहिलं, पानं इथं लागत नाहीत, मी तर मेलमध्ये नाव लिहिलं होतं, पुढच्या अंकात खुलासा घेतो. मानधन पुढच्या आठवड्यात. मग पुढचा आठवडा, मग "साहेब रजेवर आहेत", मग फोन कट. मी पण सोडून दिलं. लग्नसराई नसली तरी पोट असतं, किती फोन करणार माणूस.

खरी गंमत दुसऱ्या वर्षी. आषाढीच्या दिवशी त्याच पेपरची पुरवणी, आणि शेवटचं पान पूर्ण जाहिरात. "आषाढी एकादशीच्या हार्दिक शुभेच्छा", शुभेच्छुक एक भावी नगरसेवक. पार्श्वभूमीला माझा घोडा. आभाळाच्या जागी विठोबा बसवलेला, वर पुढाऱ्यांची गोल गोल डोकी, म्हातारीच्या अंगावर शुभेच्छुकांचा मोबाइल नंबर, आणि डावीकडचं पोरगं तर नाहीच. संध्याकाळपर्यंत तीच डिझाइन चौकात फ्लेक्सवर, वीस बाय दहा. फ्लेक्सवाला माझ्याच ओळखीचा निघाला. त्याला विचारलं तर म्हणाला, जाहिरात विभागातून फाइल आली, आम्ही फक्त प्रिंट मारतो. घरी येऊन गूगल लेन्सवर फोटो टाकला तर पेपरच्या वेबसाइटवर पण तो तीनदा सापडला, आणि त्याच्यावर चक्क त्यांच्या पेपरचा वॉटरमार्क. माझा वॉटरमार्क मी काढून दिला आणि त्यांनी स्वतःचा घातला. इथे मात्र डोकं फिरलं.

गेलो पेपरच्या ऑफिसला. एसी केबिन, चहा आला, माणूस बोलायला गोड. आधी म्हणाले, "तुम्ही फेसबुकवर टाकला म्हणजे पब्लिकच झाला ना तो." मग, "आमच्या प्रतिनिधीने काढलेला आहे, रेकॉर्डला तसंच आहे." मग, "अहो पण तुमचीच प्रसिद्धी झाली की." नाव न छापता प्रसिद्धी कशी होते हे मला अजून कळलेलं नाही. आणि शेवटचं तर कहरच, "वारी काय तुमच्या मालकीची आहे का, माऊलींच्या फोटोचे पैसे मागता?" हे वाक्य फार चालतं बघा. समोरचा गपकन गप्प होतो, आपण देवाच्या नावावर पैसे मागतोय असं वाटायला लागतं. जाहिरातीचे पैसे त्यांनी माऊलींना दिले असतील तर माहीत नाही.

मी लॅपटॉप उघडला. रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्यातून जशीच्या तशी आलेली मूळ फाइल, ती दाखवली, कॅमेऱ्याचा सीरियल नंबर, वेळ, आणि मागच्यापुढच्या सगळ्या ११ फ्रेम ओळीने. आणि म्हटलं, तुमच्या प्रतिनिधींनी काढलाय ना, मग डाव्या कडेला काय होतं ते विचारा त्यांना. ते कानावर हात ठेवलेलं पोरगं पेपरातल्या फोटोत नाही, जाहिरातीत नाही, माझ्या फेसबुकवरच्या क्रॉपमध्ये पण नाही. साहेब थोडा वेळ स्क्रीनकडे बघत बसले, मग म्हणाले, "लेखी द्या, वर पाठवतो."

मग वकील गाठले. त्यांनी पहिल्या दहा मिनिटांत जे सांगितलं ते मला वीस वर्षं धंदा करून माहीत नव्हतं. कॉपीराइट कायदा १९५७ चा, त्यात जो फोटो काढतो तोच त्याचा कर्ता. नोंदणी सक्तीची नाही, शटर दाबलं की हक्क आला, आणि तो माझ्या हयातीत आणि माझ्यानंतर ६० वर्षं. हक्क दुसऱ्याला विकायचे तर लेखी, सहीनिशी, कलम १९. नाव लागलं पाहिजे हा हक्क वेगळा, कलम ५७, हक्क विकले तरी तो आपल्याकडेच राहतो. पण मी जरा फुगायला लागलो तसे म्हणाले, "थांबा. तुम्ही लग्नाचे फोटो पैसे घेऊन काढता ना? करारात वेगळं लिहिलं नसेल तर त्यांचे हक्क पार्टीचे, तुमचे नाहीत. स्टुडिओच्या दारावर नवरा-नवरीचा फोटो लावलाय तो विचारून लावलाय का?" गप्प बसलो. नोकरीतल्या प्रेस फोटोग्राफरचंही वेगळं, पगारी माणसाचे पेपरात छापायचे हक्क पेपरचे, करारात काही वेगळं नसेल तर.

पहिल्या वर्षीच्या पान एकबद्दल ते फार आशा दाखवेनात. म्हणाले कलम ५२ मध्ये चालू घडामोडींच्या वार्तांकनासाठी थोडी मोकळीक आहे, ते तिकडे पळतील, शिवाय तुम्ही स्वतः पाठवलाय. पण व्हॉट्सॲपची ती ओळ बघितल्यावर खुर्चीत सरळ बसले. "नावासकट लावा, मानधनाचं कळवा" म्हणजे अट घालून दिलेली परवानगी, आणि खाली त्यांचा अंगठा. मी सहज टाइप केलेली ओळ, तीच कामाला आली, बाकी मी फोनवर जे तासभर बोललो त्याचा उपयोग शून्य. आणि जाहिरात म्हणजे काही वार्तांकन नाही, तिथे त्यांना पळायला जागा नव्हती. कलम ६३ मध्ये सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे हे मला तेव्हाच कळलं. दावा पण आपण राहतो त्या जिल्हा न्यायालयात लावता येतो, पेपरचं मुख्य ऑफिस कुठेही असू दे. प्रेस कौन्सिलकडे, म्हणजे पेपरांबद्दलच्या तक्रारी ऐकणाऱ्या संस्थेकडे, पण जाता येतं, आधी संपादकांना लेखी पत्र द्यायचं, आणि दैनिकाच्या बाबतीत छापल्यापासून दोन महिन्यांच्या आत तक्रार करायची. ते दंड करू शकत नाहीत, कानउघाडणी करतात. पहिल्या वर्षीचे माझे दोन महिने तर "साहेब रजेवर आहेत" ऐकण्यातच गेले होते.

वकिलांचा ज्युनिअर पोरगा मधेच म्हणाला, काका हे जगभर चालतं. हैतीत १२ जानेवारी २०१० ला भूकंप झाला तेव्हा डॅनियल मोरेल नावाच्या तिथल्या फोटोग्राफरने फोटो ट्विटरवर टाकले, ते दुसऱ्याच माणसाने स्वतःचे म्हणून टाकले, त्याच्याकडून एएफपी या फ्रेंच वृत्तसंस्थेने उचलले आणि गेटी या फोटो विकणाऱ्या कंपनीमार्फत जगभर विकले गेले. २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या कोर्टात ज्युरीने १२ लाख डॉलर भरपाई द्यायला लावली. मी मनात १२ लाख डॉलरचे रुपये करायला लागलो तसे वकीलसाहेब म्हणाले, "ते अमेरिका. तुम्ही फलटण."

नोटीस गेली. त्यांचं पहिलं उत्तर आलं, सद्भावनेने २,००० रुपये देतो. मग परत पत्रं, परत चहा, पाच महिने. शेवटी १५,००० आणि आतल्या पानावर खुलासा, यावर मिटवलं. वकिलांनी ओळखीत ६,००० घेतले. कोर्टात गेलो असतो तर जास्त मिळालं असतं का, असतंही, पण दर तारखेला दुकान बंद ठेवणं मला परवडणारं नव्हतं. खुलासा तीन ओळींचा छापला, पान सातवर, निधनवार्तांच्या शेजारी. आणि त्यात माझं आडनाव चुकलं. शपथेवर सांगतो, आडनाव चुकलं.

तर पोरांनो, तो संध्याकाळचा फोन येईल. घाई असेल, पान सुटत असेल, नावासकट असेल. फोनवर हो म्हणा पण फाइल पाठवण्याआधी मेसेज टाका: कुठे वापरणार, एकदाच का, नाव काय छापणार, पैसे किती, जाहिरातीसाठी नाही. आणि उत्तर शब्दात येईपर्यंत थांबा, अंगठ्यावर मी वाचलो पण दरवेळी वाचाल असं नाही. पाठवायची ती १२०० पिक्सेलची, नाव मधोमध. कोपऱ्यातलं नाव कापायला त्यांच्या पोराला दोन सेकंद लागतात. कडेचा थोडा भाग कुणालाच दाखवू नका, मूळ फ्रेम आपल्याकडे. रॉ फाइल डिलीट करायची नाही, कार्ड भरलं तर दुसरं घ्या, वडापाव कमी खा. छापून आलं की त्याच दिवशी कागदाचा अंक विकत घ्या, ई-पेपरचा तारखेसकट स्क्रीनशॉट काढा, वेबसाइटवरचं पान सेव्ह करा. माझी नोटीस गेल्यावर वेबसाइटवरचे तिन्ही फोटो एका रात्रीत गायब झाले होते, आधी सेव्ह केले नसते तर बसलो असतो हात चोळत.

मागच्या वर्षी बातमीदार साहेब परत टँकरपाशी भेटले. काही झालंच नाही असं बोलले, "भावा, एक पाठव की." मी तिथेच मेसेज केला, एकदा वापर, नावासकट, २,५०० रुपये, जाहिरातीला नाही. निळ्या टिका आल्या. उत्तर आलं नाही, आणि मी पण पाठवला नाही.

फ्लेक्सचं मात्र काही करता आलं नाही. निवडणुकीआधीच तो उतरवला गेला आणि कुणीतरी नेला. परवा लोणंद रस्त्याला एका शेळ्यांच्या गोठ्यावर ताडपत्रीसारखा टाकलेला दिसला, चारी कोपऱ्यांना दगड. घोडा उलटा, पाय आभाळाकडे. म्हातारीवरचा तो मोबाइल नंबर अजून वाचता येतो.