एकट्याने जग फिरायला ४० लिटरची बॅकपॅक: घ्यावी का? (मोठा रिव्ह्यू आहे, निवांत वाचा)

आधीच सांगते, हा कुठल्या एका कंपनीचा रिव्ह्यू नाहीये. पाठीवर घ्यायची पण सूटकेससारखी तीन बाजूंनी चेन उघडून पूर्ण पसरणारी ४० लिटरची जी बॅग मिळते ना, क्लॅमशेल बॅकपॅक म्हणतात तिला, त्या प्रकाराचा आहे. बऱ्याच कंपन्या थोड्याफार फरकाने हेच बनवतात, त्यामुळे नाव घेण्यात पॉइंट नाही. पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच.

पहिल्यांदा एकट्याने निघणारे लोक बॅग घेताना एकच विचारतात, सगळं मावेल का? माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. दोघं असलात की "बॅगेकडे बघ गं जरा, आलेच" म्हणून टॉयलेटला जाता येतं, तिकिटाच्या रांगेत उभं राहता येतं, पाणी भरून आणता येतं. एकटं असताना ही सोय नसते. शेजारी बसलेल्या अनोळखी माणसाच्या भरवशावर बॅग सोडायची नाही, आणि एअरपोर्टवर बेवारस बॅग दिसली की सिक्युरिटीवाले ती उचलतात, वेळ पडली तर तेवढा भाग रिकामा करायला लावतात. म्हणजे बॅग तुमच्यासोबत सगळीकडे येणार. तर एकट्याच्या बॅगेची परीक्षा एवढीच, की कोणाच्याही मदतीशिवाय तुम्ही ती उचलू शकता का आणि ती घेऊन कुठेही शिरू शकता का.

टॉयलेटचंच घ्या, हसू नका. स्टेशनवरच्या टॉयलेटचं दार बऱ्याचदा आत उघडतं. पाठीवर ६५ लिटरची घेऊन आत गेलात तर दार लावायला वळताच येत नाही, मग बॅग काढून कमोडच्या बाजूला उभी करायची, म्हणजे ओल्या फरशीवर, आणि दाराच्या मागच्या हुकाला तिचं वजन पेलत नाही ते वेगळंच. ४० लिटरची पुढे पोटावर घेऊन आत जायचं, वळायचं, दार लावायचं, वरच्या हँडलने हुकाला अडकवायची. सात किलोच्या आत असेल तर बहुतेक हुक धरतात. कोणत्याच कंपनीच्या जाहिरातीत हे दिसणार नाही, पण रोजच्या रोज उपयोगी पडणारी गोष्ट हीच आहे.

आता मापं. आयाटाने (विमान कंपन्यांची जागतिक संघटना) केबिन बॅगेसाठी सुचवलेलं माप ५६ × ४५ × २५ सेंटीमीटर, पण ते नुसतंच सुचवलेलं आहे, कोणावर बंधन नाही, प्रत्येक एअरलाइन आपापलं लावते आणि ५५ × ४० × २० सुद्धा पुष्कळ ठिकाणी दिसतं. ह्या बॅगा साधारण ५५ × ३५ × २३ च्या आसपास असतात. लांबी-रुंदी आरामात बसते, गोची होते ती जाडीत, म्हणून पुढचा खिसा ठासून भरायचा नाही आणि बाजूचे आवळायचे पट्टे वापरायचे, कापडी असल्यामुळे दोन-तीन सेंटीमीटर दबते ती. युरोपातल्या स्वस्त एअरलाइन्सच्या सगळ्यात स्वस्त तिकिटात मात्र सीटखाली जाईल एवढीच बॅग फुकट असते, तिथे ४० लिटरचे पैसे भरावेच लागतात, ते तिकीट काढतानाच भरा, गेटवर नेहमी जास्त लागतात.

मापापेक्षा वजन जास्त छळतं. अनेक एअरलाइन्स केबिनला ७ किलोच देतात. रिकामी बॅगच दीड किलोची, म्हणजे राहिले साडेपाच. त्यात लॅपटॉप घेतलात की कपड्यांना काय उरतं ते बघा! घेताना टॅगवर रिकाम्या बॅगेचं वजन वाचा, काही बॅगा नुसत्या पॅडिंग आणि बकलांपायी दोन किलोला जातात, त्या दिसायला कितीही भारी असल्या तरी नका घेऊ.

"एवढं कशाला, चेक-इन करून टाकायची" असं म्हणणारे भेटतील. ग्रुपमधे असाल तर चालतं, बॅग दुसऱ्याच देशात पोचली तरी कोणाचा तरी टीशर्ट मिळतो. एकट्याचा सगळा संसार त्या एका बॅगेत असतो. १९९९ च्या मॉन्ट्रियल करारानुसार चेक-इन केलेली बॅग २१ दिवसांत आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. एकवीस दिवस! तोवर तुम्ही दोन-तीन देश पुढे गेलेले असता आणि बॅग तुमचा माग काढत मागच्या हॉस्टेलवर येते. (मधल्या दिवसांत लागणाऱ्या वस्तूंच्या पावत्या ठेवा, उशिराचीही भरपाई मागता येते, लेखी तक्रार मात्र बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत करायची असते.)

फिटिंगबद्दल जरा बोलते कारण इथेच लोक फसतात. उंची बघून बॅग घ्यायची नसते, पाठीची लांबी बघायची असते. मान खाली वाकवली की मानेच्या मुळाशी जे हाड वर येतं तिथपासून कमरेच्या हाडांच्या वरच्या कडेपर्यंत टेप लावायची, हे टॉर्सोचं माप. उंच माणसाची पाठ आखूड असू शकते आणि बुटक्याची लांब. मग पट्टे लावायचा क्रम. आधी कमरपट्टा, तो पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसला पाहिजे, घट्ट. त्यानंतर खांद्याचे पट्टे ओढायचे, मग खांद्याच्या वरून बॅगेकडे जाणारे छोटे पट्टे, शेवटी छातीचा. बरोबर बसली की वजनाचा मोठा भाग कमरेवर जातो आणि खांद्याच्या पट्ट्याखाली दोन बोटं सहज सरकतात. दुकानात रिकामी बॅग घालून आरशात बघण्यात काही अर्थ नाही, रिकामी सगळ्याच छान वाटतात, दुकानदाराला सांगून आत सात-आठ किलो भरा आणि पंधरा मिनिटं जिना चढ-उतर करा. लाजू नका, पैसे तुम्ही देताय. आणि हो, भरलेली बॅग डोक्याच्या वर उचलून बघा, कारण विमानातल्या वरच्या कप्प्यात ती तुम्हालाच टाकायचीये.

चाकांची सूटकेस का नाही, हा नेहमीचा वाद. एअरपोर्ट ते टॅक्सी ते लिफ्टवालं हॉटेल, एवढंच करणार असाल तर चाकंच घ्या, खरंच, पाठ वाचेल. पण व्हेनिसमधे चारशेच्या वर पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, लिस्बनमधे अल्फामाच्या दगडी गल्ल्यांत चढच चढ, आणि स्वस्तातलं हॉस्टेल म्हटलं की बऱ्याचदा बिनलिफ्टचा तिसरा मजला. तिथे सूटकेसचं दुसरं टोक धरायला सोबत कोणी नसतं. जपानमधे तर २०२० पासून तोकाइदो शिनकानसेनमधे (टोकियो-ओसाका बुलेट ट्रेन) लांबी, रुंदी, उंची मिळून १६० सेंटीमीटरच्या वर सामान असेल तर जागेसह आधी बुकिंग करावं लागतं. ४० लिटरची बेरीज होते ११३ च्या आसपास, विषयच नाही.

उघडण्याबद्दल. वरून दोरी ओढायच्या ट्रेकिंगच्या बॅगेत तळातला मोजा काढायला सगळं बाहेर काढावं लागतं, आणि दहा जणांच्या डॉर्ममधे पहाटे निघताना अंधारात ते करून बघा, शिव्या खाल. क्लॅमशेलला हा त्रास नाही. कपडे कापडी क्यूबमधे भरले की कुठला कुठे आहे ते हाताला कळतं.

सिक्युरिटीच्या नावाखाली मात्र बरंच काही खपवलं जातं. "लॉकेबल झिप्स" असं मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं, पण साधी कॉइलवाली चेन बॉलपेनचं टोक खुपसून मधूनच उघडते, नंतर स्लायडर मागे-पुढे फिरवला की परत जुळते, कळतही नाही. टीएसएवाल्या, म्हणजे अमेरिकेतल्या एअरपोर्ट सिक्युरिटीला त्यांच्या चावीने उघडता येतात अशा, कुलपांच्या मास्टर चाव्यांची तर थ्रीडी प्रिंट करायची डिझाइन्स २०१५ मधेच इंटरनेटवर आली होती. मग कुलूप का लावायचं? कारण गर्दीत चालताना मागून कोणी पटकन चेन ओढू नये म्हणून, बास. रात्रीच्या बसमधे पट्ट्यात पाय अडकवून झोपायचं आणि हॉस्टेलच्या लॉकरसाठी स्वतःचं कुलूप न्यायचं, ह्या दोन गोष्टी महागड्या अँटी-थेफ्ट बॅगेपेक्षा जास्त कामाच्या आहेत.

आरएफआयडी ब्लॉकिंग, म्हणजे पासपोर्ट-कार्डाची चिप कोणाला लांबून वाचता येऊ नये म्हणून खास अस्तर लावलेल्या, खिशासाठी एक पैसाही जास्त देऊ नका. ई-पासपोर्टच्या चिपमधली माहिती वाचायला आधी आतल्या पानावरच्या छापील ओळींमधला पासपोर्ट नंबर, जन्मतारीख वगैरे लागतं, बंद पासपोर्टजवळून कोणी यंत्र घेऊन गेला आणि फोटोसकट सगळं खेचलं असं होत नाही. बाहेरच्या यूएसबी पोर्टचंही तेच, ती नुसती वायर असते, पॉवर बँक तुमचीच, आणि पावसात पाणी शिरायला एक भोक जास्त.

पॉवर बँकेवरून आठवलं. ती केबिनमधेच न्यावी लागते, १०० वॉट-अवरपर्यंत बहुतेक ठिकाणी परवानगी न विचारता चालते, २०,००० एमएएच म्हणजे साधारण ७४, त्यामुळे नेहमीची बसते. गंमत होते ती विमान भरलं आणि गेटवर "ही बॅग खाली टाकतो" म्हणून मागितली तर. तेव्हा पॉवर बँक, पासपोर्ट, औषधं, फोन हे सगळं एका छोट्या झोळीवजा पिशवीत असायला हवं आणि ती पिशवी सगळ्यात वरच्या खिशात, म्हणजे चेन उघडली, पिशवी गळ्यात, बॅग त्यांच्या हातात. असा वरचा खिसा बॅगेला आहे का हे घेतानाच बघा, काहींना नुसता चपटा कप्पा असतो ज्यात बोर्डिंग पासच्या पुढे काही जात नाही. लिक्विडचा १०० मिलीचा नियम तर २००६ पासून सगळ्यांना पाठ आहे, त्यावर नाही बोलत.

कापड २१० ते ४२० डेनियरच्या मधलं नायलॉन पुरतं. डेनियर म्हणजे ९,००० मीटर धाग्याचं ग्रॅममधलं वजन, आकडा मोठा म्हणजे धागा जाड आणि बॅग जड, इतकं साधं आहे. आतून पीयू कोटिंग असतं, म्हणजे पाणी अडवणारा प्लॅस्टिकसारखा थर, ते काही वर्षांनी दमट हवेत चिकट होऊन सोलून निघतं, म्हणून बॅग ओली असताना कपाटात कोंबायची नाही.

आता तो कापलेला स्टार. पाठ घामाने चिंब होते, जाळीचा कितीही गाजावाजा केला तरी. बॅग गच्च भरली की बाजूच्या बाटलीच्या खिशात बाटली जात नाही, आणि गेली तर पाठीवर असताना हात पोचत नाही. काही मॉडेलना लॅपटॉपचा कप्पा पाठीकडून सगळ्यात लांब, पुढच्या बाजूला दिलाय, त्यामुळे वजन मागे ओढतं. माझ्या बॅगेत पट्टे लपवायचं जे झाकण आहे त्याची चेन दर वेळी कापडात अडकते, आणि रेन कव्हर वेगळं विकत घ्यावं लागलं, ह्या किमतीत! कंपनीला मेल केला तर छान उत्तर आलं, कव्हर नाही आलं.

तंबू घेऊन डोंगरात राहणारे, कडक थंडीत जाणारे, किंवा कॅमेरा आणि तीन लेन्सा नेणारे ह्या बॅगेच्या नादी लागू नका, नाही जमणार. बाकी पाच दिवसांचे कपडे आणि धुवायची तयारी असेल तर महिनाभराला आणि वर्षभराला हीच बॅग पुरते, सामान तेवढंच लागतं.

रंग काळा सोडून कुठलाही घ्या. रात्रीच्या बसची डिकी उघडली की आत सगळ्या काळ्याच असतात, आणि त्यातली तुमची कोणती हे ड्रायव्हरला खुणेने सांगावं लागतं.