घडीचा ग्रॅब बार, आठ महिन्यांनंतर: एका वॉशरची गोष्ट

आधी तक्रार, कारण तीच लिहायला बसले आहे. कमोडशेजारचा हा घडीचा ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचा दांडा, पेटीवर लिहिलंय तसाच आहे. स्टेनलेस आहे, कुठे गंज नाही, खाली असताना वजन बिनतक्रार घेतो. फक्त वर उचलून ठेवला की वर राहत नाही. पाचव्या महिन्यात तो पहिल्यांदा आपणहून खाली आला, तेव्हा दादा व्हीलचेअरवरून कमोडवर सरकायच्या बेतात होता. दांड्याचं टोक थेट त्याच्या खांद्यावर बसलं. हाड वाचलं, पण दोन आठवडे खांदा काळानिळा होता. दादाच्या कमरेखाली हालचाल नाही. खुर्ची ढकलणं, पलंगावर चढणं, कमोडवर सरकणं, सगळं खांद्यांच्या जिवावर. त्यामुळे आपला पाय मुरगळल्यावर जी पंचाईत होते, ती त्याची खांद्याने होते.

हा बार घडीचाच का घेतला, ते सांगते. आमच्या कमोडच्या एका बाजूला भिंत आहे, दुसरी बाजू मोकळी. दादा मोकळ्या बाजूने खुर्ची लावून आडवा सरकतो. तिथे कायमचा दांडा असता तर सरकताच आलं नसतं, आणि दांडाच नसता तर बसल्यावर तोल सांभाळायला काही नाही. म्हणून सरकताना वर, बसल्यावर खाली. म्हणजे या वस्तूला आयुष्यात दोनच कामं: खाली असताना हलायचं नाही आणि वर असताना पडायचं नाही. त्यातलं अर्धं जमलं.

दादा आमच्याकडे राहायला येणार हे ठरलं तेव्हा हातात सहा आठवडे होते. मी टेप घेऊन घरभर फिरले. इतकी मापं घेतली की नवरा म्हणाला, घर विकायचंय का? रॅम्पचा उतार १:१२, व्हीलचेअर फिरायला १५० सें.मी.चं वर्तुळ, दारात निदान ८१ सें.मी. मोकळी जागा, ग्रॅब बार जमिनीपासून ८४ ते ९१ सें.मी. उंचीवर. पुस्तकातले हे आकडे मला अजून झोपेत विचारा. त्यातला एकही आकडा आमच्या घराला बसत नव्हता, तो भाग वेगळा.

रॅम्पचं पटकन सांगून टाकते, कारण त्यात चूक सरळ माझी आहे. दाराशी दोन पायऱ्या, मिळून ३० सें.मी. १:१२ च्या हिशेबाने रॅम्प ३ मीटर ६० सें.मी. लांब हवा. मी १ मीटर ८० चा ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प घेतला, कारण तो निम्म्या किमतीत येत होता. उतार झाला १:६. पहिल्या दिवशी दादाने खाली उभं राहून, म्हणजे बसून, वर पाहिलं आणि म्हणाला, "हे तू माझ्यासाठी घेतलंस की मला ढकलणाऱ्यासाठी?" कोणी मागून रेटलं तरच तो चढायचा, एकट्याने नाही. दोन महिन्यांनी सिमेंटचा लांब रॅम्प करून घेतला, वळण घेऊन. दोन्हींचा खर्च धरला तर पहिल्याच फटक्यात नीट केलेलं स्वस्त पडलं असतं. घडीचा रॅम्प फुकट गेला नाही मात्र. कुणाकडे जायचं असलं की गाडीत टाकतो. तिथे एखादीच पायरी असते आणि ढकलायला मी असतेच.

दाराला मात्र पैसे घालवले नाहीत, याचा मला अजून अभिमान आहे. बाथरूमचं दार पूर्ण उघडलं तरी पल्ल्याची जाडी चौकटीच्या आत राहते. उरत होते ६६ सें.मी. आणि खुर्ची ६४. कागदावर जाते. पण खुर्ची एकटी जात नाही, चाकं ढकलणारे दोन हात बरोबर असतात, आणि बोटांची सालं चौकटीवर निघतात. चौकट फोडायला गवंडी तयारच होता. त्याऐवजी पल्ला बाजूला काढून ठेवणाऱ्या बिजागऱ्या मिळतात, त्या बसवल्या. दार उघडलं की पल्ला वाटेतून संपूर्ण बाहेर. चार सें.मी. मिळाले. ८१ नाहीच झाले, पण बोटं वाचली. त्याच वेळी दार आत उघडायचं ते बाहेर उघडणारं करून घेतलं. आत कुणी दाराला टेकून पडलं तर आत उघडणारं दार बाहेरून ढकलता येत नाही. हे सांगणारा सुतार देव माणूस. पैसेही बेताचे घेतले.

बाथरूमचा उंबरठा दोन सें.मी.चा दगडी होता, तो काढला. ज्यांना वाटतं दोन सें.मी.ने काय होतंय, त्यांनी व्हीलचेअरची पुढची चाकं बघावीत, केवढीशी असतात. उंबरठ्याला ती अडतात, खुर्ची थांबते, माणूस पुढे जातो.

आता परत बारकडे.

खांद्याच्या प्रकारानंतर मी कंपनीला फोन केला. तक्रार क्रमांक मिळाला. तीन दिवसांनी विचारणा आली की बार पडतो म्हणजे भिंतीतून निघाला का? नाही, म्हटलं, भिंतीत पक्का आहे, वर थांबत नाही. मग व्हिडिओ मागितला. पाठवला. त्यात बार चार वेळा वर केला आणि चार वेळा पडला, शेवटच्या वेळी तर मी हात काढायच्या आधीच. आठवड्याने उत्तर आलं: आपल्या बहुमोल अभिप्रायाबद्दल आभार.

दादा निवृत्त नाही, फक्त कारखान्यात जात नाही. वीस वर्षं लेथवर काढलेला माणूस. तो म्हणाला, खोल तो, बघू. मी षटकोनी चावी फिरवली, त्याने मांडीवर जुना टॉवेल पसरून सुटे भाग घेतले. बिजागरीच्या पिनेवर नायलॉनचा वॉशर असतो, जुन्या नाण्याएवढा. बार वर धरून ठेवणारं घर्षण त्या वॉशरचं. भार पेलायला वेगळा टेका आहे, वॉशरचा त्याच्याशी संबंध नाही. हे पाहिलं म्हणूनच मी घरच्या दुरुस्तीला तयार झाले, नाहीतर वजन पेलणाऱ्या वस्तूत असले उद्योग मी करू देणार नाही. तर तो वॉशर झिजलेला होता.

कंपनीला विचारलं, वॉशर द्या. सुटा मिळत नाही. पूर्ण बिजागरी घ्यावी लागेल. तिची किंमत? बारच्या जवळजवळ दोन तृतीयांश. एका नायलॉनच्या चकतीसाठी! त्या दिवशी मी एक अभिप्राय लिहून ठेवला होता, भाषा जरा तिखट होती, आणि पाचपैकी एक तारा. लिहिला रात्री, पाठवणार होते सकाळी. सकाळी दादाने अडवलं.

त्याने रात्रभर तो वॉशर उशाशी ठेवला होता म्हणे. मला बोलावलं, वॉशर दोन बोटांत धरून खिडकीच्या उजेडात फिरवला. एका कडेला तो पापुद्र्यासारखा पातळ, पलीकडचा दिसेल असा. समोरच्या कडेला कोराकरकरीत, साच्याची रेघसुद्धा शाबूत. "वॉशर वाईट असता तर सगळीकडून झिजला असता," दादा म्हणाला. "हा एकाच बाजूने खाल्लाय. दांडा सरळ उभा नाही. पाणसळ आण."

पाणसळ आणली. बारची भिंतीवरची पट्टी वरच्या अंगाला पुढे आलेली आणि जराशी डावीकडे कललेली. बुडबुडा मध्यावर थांबायचं नाव घेईना. म्हणजे असं: बार नीट बसवला असेल तर वर केल्यावर त्याचं वजन भिंतीकडे झुकतं आणि तो आपसूक वर राहतो. वॉशर फक्त मदतीला. आमचा बार वर केल्यावरही किंचित बाहेर झुकत होता. म्हणजे पाच महिने त्या बिचाऱ्या वॉशरने एकट्याने तोलून धरला होता, तोही वाकड्या अंगाने.

बसवला कोणी? मी आणलेल्या माणसाने. कंपनीचा फिटर बसवण्याचे वेगळे पैसे मागत होता. मी म्हटलं, चार भोकं तर पाडायचीत. आमच्या माणसाने भोकं उत्तम पाडली, विटेपर्यंत खोल, बोल्टही जाडजूड घातले. टाइलमागे एका जागी सिमेंट फुगलं होतं, ते ना त्याने पाहिलं ना मी. पाणसळ त्याच्या पिशवीत होती की नाही कोण जाणे. मी विचारली नाही एवढं नक्की.

तेव्हा तो एका ताऱ्याचा अभिप्राय मी पुसून टाकला. पूर्ण माफी नाही. सुटा वॉशर न देणं ही दंडेली आहे आणि पेटीतल्या कागदावर ‘भिंत ओळंब्यात आहे का बघा’ एवढं वाक्य छापायला काय जात होतं? त्या कागदावर बार पुसायला कोणतं कापड वापरावं यावर अर्धं पान आहे.

दुरुस्तीला दुसरा मिस्त्री आणला. दादा दारात खुर्ची लावून बसला आणि प्रत्येक बोल्टला पाणसळ लावायला लावली. खालच्या बाजूला स्टेनलेसच्या पातळ चकत्या, मागची पोकळी भरून, मग हळूहळू आवळत. वॉशर हार्डवेअरच्या दुकानातून, त्याच जाडीचा. किंमत सांगायची लाज वाटावी इतका स्वस्त. मी चार आणले. मग मी स्वतः खाली केलेल्या बारवर अंग टाकून लोंबकळले. अमेरिकेच्या मानकांत ग्रॅब बारने २५० पौंड, म्हणजे साधारण ११३ किलो भार सोसावा असं आहे. माझं वजन त्यापेक्षा कमी आहे, किती कमी ते जाऊ दे. म्हणून नवऱ्यालाही लोंबकळायला लावलं, पण पाळीपाळीने.

तीन महिने झाले, बार पडलेला नाही.

व्हॅक्यूमच्या, म्हणजे हवा काढून टाइलला नुसत्या चिकटवायच्या, हँडलबद्दल थोडं, कारण ते सगळीकडे दिसतं आणि स्वस्त दिसतं. मीही दोन घेतली होती. टाइलच्या सांध्यावर आलं की हवा शिरते, गुळगुळीत जागी लावलं तरी किती वेळ टिकेल याचा नेम नाही. एक पहाटे कधीतरी आपोआप गळून पडलं, कुणी हात लावलेला नसताना. त्यावर आता टॉवेल टांगतो. शरीराचा भार टाकायला ही वस्तू नाहीच. ज्याला उभं राहता येतं, त्याला बोटभर आधार म्हणूनही मी देणार नाही.

शॉवरची खुर्ची उलट. घेताना मी कुरकुरले होते, मऊ बैठकीचे एवढे पैसे कशाला म्हणून. पायांना संवेदना नसली की कडक प्लॅस्टिकवर बसून कातडी कधी दुखावली हे कळतच नाही, आणि ती जखम भरायला महिने लागतात. आठ महिन्यांत बैठक उसवलेली नाही, दादाच्या कातडीवर लाल डाग नाही. पैसे वसूल. गरम पाण्याचंही तेच: पाय भाजला तरी त्याला कळणार नाही. नळाला तापमान अडवणारी कळ बसवली आणि बेसिनखालचा गरम पाण्याचा पाइप गुंडाळून टाकला. खुर्ची बेसिनखाली घेतली की त्याचे गुडघे नेमके तिथे टेकतात. हे मात्र कुठल्याच दुकानदाराने सांगितलं नाही, इस्पितळातल्या ऑक्युपेशनल थेरपिस्टने, म्हणजे रोजची कामं जमवायला शिकवणाऱ्या तज्ज्ञाने सांगितलं.

या महिन्यात मला वाटलं, एवढं रामायण झालंय तर याच बारचं कुलूपवालं मॉडेल घेऊन टाकावं. वर केला की खटका बसतो, पडण्याचा प्रश्नच नाही. महाग आहे म्हणून आधी सोडलं होतं. मी मोठ्या मनाने जाहीर केलं, बदलूया. दादा म्हणाला, नको. का? खटका सोडवायला एक हात, बार खाली आणायला दुसरा. "मग मी कशावर बसलेलो असणार?" एका हाताने तो कायम स्वतःला पेलत असतो. त्याला एकाच हाताने, एकाच झटक्यात खाली येणारा बार हवा. आत्ता आहे तसा. म्हणजे ज्याला मी इतके दिवस दोष म्हणत होते, त्याच्यासाठीच त्याने हा बार ठेवला असता. मला आधी विचारायचं सुचलं नाही.

उंचीचंही तेच झालं होतं, आत्ता आठवलं. भिंतीकडचा पक्का बार मी पुस्तकातल्या ८६ सें.मी.वर लावून घेतला, दादा यायच्या आधी, कौतुकाने. तो आल्यावर बसला, कोपर वाकवून पाहिलं आणि म्हणाला, दहा सें.मी. खाली. जुनी भोकं अजून टाइलवर आहेत, पांढरं भरलेली. पुस्तकातला आकडा सगळ्यांसाठी असतो, आणि आमच्या घरात सगळे राहत नाहीत, दादा राहतो.

तर बार: साडेतीन तारे. अर्धा कापला तो वॉशरसाठी, एक त्या कागदासाठी. बसवून घेताना दोन पैसे जास्त द्या आणि पाणसळ स्वतःच्या हातात ठेवा.

गेल्या रविवारी दादाने टेप मागून घेतली आणि स्वतः घरभर फिरला. त्याची यादी केवढीशी आहे. पहिल्या ओळीत बाथरूममधला कचऱ्याचा डबा. कमोडशेजारी, अगदी हाताशी, मीच घेतलेला. पायाने दाबलं की उघडतो.